फोनचे हप्ते फिटले, सिबिलवर मात्र ‘राइट ऑफ’

प्रश्न : सर नमस्कार, मी औसा तालुक्यातला. २०१७ ला लातूरला हप्त्यावर फोन घेतला होता, नऊ हप्ते खात्यातून कटले, शेवटचा खात्यात पैसे नव्हते म्हणून दुकानात रोख भरला. आता दोन म्हशीसाठी कर्ज काढायलोय तर बँकेतले साहेब म्हणायलेत सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या रिपोर्टला, राइट ऑफ (कर्ज बुडीत धरलेलं) दिसायलंय. त्यात एका वसुलीवाल्याचा फोन यायलाय, ३,८०० भरा, सेटलमेंट करतो, दोन दिवसात सिबिल क्लिअर. घरचे म्हणायलेत देऊन टाका, कटकट मिटंल. भरू का?

उत्तर : नका भरू. निदान आज तरी नका. सेटलमेंट केली की रिपोर्टवर ‘सेटल्ड’ पडतं, म्हणजे पूर्ण फेडलं नाही, तोडपाणी करून मिटवलं असा त्याचा अर्थ पुढची बँक काढते. तुम्ही तर म्हणता पैसे दिलेत, मग हा शिक्का कशाला लावून घ्यायचा? आणि दोन दिवसात क्लिअर ही निव्वळ थाप.

आधी स्वतः रिपोर्ट काढा. आपण सगळ्यालाच सिबिल म्हणतो पण कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या, म्हणजे ब्युरो, चार आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो, त्यासाठी कुणाला ५०० रुपये द्यायची गरज नाही. त्यात फोनचं खातं शोधा, कर्ज कोणत्या कंपनीनं दिलेलं दिसतंय, बाकी किती, आणि मुख्य म्हणजे शेवटचा भरणा कोणत्या तारखेचा. ती तारीख नवव्या हप्त्याची निघाली तर समजा, दुकानातली रोख पुढं पोचलीच नाही किंवा पोचली पण नोंद झाली नाही.

मग पावती. पेटीत, बियाण्याच्या बिलात, कुठं असंल तिथून काढा. बँकेतून नऊ हप्त्यांचं स्टेटमेंट घ्या. हे जोडून कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार करा आणि ब्युरोच्या साइटवर डिस्प्यूट (नोंद चुकीची असल्याची हरकत) टाका, पैसे लागत नाहीत. ब्युरो मनानं काही बदलत नाही, ती कंपनीला विचारते. सगळं मिळून ३० दिवसात निपटायला पाहिजे, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तरी हलले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं ऑनलाइन तक्रार करता येते, माहितीला १४४४८ वर फोन लावा.

वसुलीवाल्याला एवढंच म्हणा, कर्ज तुमच्याकडं आल्याचं पत्र पाठवा. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायची त्याला परवानगी नाही. व्हॉट्सॲपवर ‘देणं आहे, भरतो’ असं काही लिहून बसू नका. कोर्टात दावा लावायला साधारण तीन वर्षांची मुदत असते, तुमची लेखी कबुली त्याच्या कामी येऊ शकते. पण मुदत गेली म्हणून रिपोर्टवरची नोंद पुसत नाही, हा गैरसमज आपल्याकडं लई आहे.

आणि पावती सापडलीच नाही, हप्ता खरंच बाकी निघाला तर? मग पूर्ण भरा, पण थेट कंपनीच्या खात्यात, एजंटच्या फोन पे वर नाही. त्याआधी ‘क्लोज्ड’ नोंद करू आणि नो ड्यूज (काही बाकी नाही असं पत्र) देऊ असं कंपनीकडून लेखी घ्या.

डिस्प्यूटचा नंबर बँकेतल्या साहेबांना दाखवून ठेवा, फाइल परत पाठवायच्या आधी ते थांबतील कदाचित. म्हशी बघून ठेवा, इसार मात्र आत्ताच देऊ नका.