देवाशी भांड, पण अबोला धरू नकोस

बाळा,

अनेक आशीर्वाद.

दुःख कोसळल्यावर ‘माझं काय चुकलं?’ असं तू विचारतोस, आणि देवाशी बोलणंही नको झालंय. तो प्रश्न मनातून काढून टाक, असं मी सांगणार नाही. तो निघत नाही. पण त्याचं उत्तर घेऊन जे धावत येतील, त्यांच्यापासून जप. कुणी पूर्वजन्मीचं पाप काढेल, कुणी देव परीक्षा बघतोय म्हणेल. बायबलमधला ईयोब निर्दोष होता. एका दिवसात त्याची मुलं आणि गुरंढोरं गेली, पुढे अंगभर फोड उठले. तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर मुकाट बसले. तेवढंच त्यांनी बरोबर केलं. तोंड उघडल्यावर मात्र ‘तुझं काहीतरी पाप असणारच’ यापलीकडे ते गेले नाहीत. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाला देव खडसावतो खरा, पण खरं बोलला तो ईयोबच, मित्र नव्हेत, असा निवाडाही तोच देतो. कर्माचा सिद्धान्त स्वतःचं पुढचं वागणं सुधारण्यासाठी वापरावा. दुसऱ्याचं दुःख त्या सिद्धान्ताने मोजू नये.

तुकोबांचा दाखलाही तुला कुणीतरी देईल. 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, दिवाळं निघालं. आणि हे बरंच झालं, असं त्यांनी अभंगात म्हटलं. पण ते स्वतः तुकोबांनी म्हटलं, मागे वळून पाहताना. शेजाऱ्याने ते त्यांना ऐकवलं असतं तर तो दुष्टपणा ठरला असता. तुझ्या दुःखाला ‘बरं झालं’ म्हणायचा हक्क फक्त तुझा आहे, आणि तो कधीच वापरला नाहीस तरी तुझी श्रद्धा उणी ठरत नाही. तुकोबा विठ्ठलाशी कडाकडा भांडलेही आहेत, तो भाग लोक सोयीने विसरतात.

आता रोजच्या प्रार्थनेचं. वेळ एकच ठरव आणि दहा मिनिटांच्या वर बसू नकोस. दुःखात माणूस अपराधी वाटून उपासना वाढवतो, दोन तास, उपास, जागरणं. आठवड्यात थकतो आणि मग सगळंच सोडून देतो. बसल्यावर पुटपुट, नुसतं मनात नको. मनातलं बोलणं फिरून त्याच विचारावर येतं. आधी झालं ते सांग, ज्याचा राग आहे त्याच्या नावासकट. देवाचाच राग असेल तर तोही. पटत नसताना ‘तुझी इच्छा’ म्हणू नकोस. मग फक्त आजच्यापुरतं एक मागणं माग: रात्री झोप लागू दे, किंवा रिपोर्ट हातात घेताना हात कापू नये. शेवटची दोन मिनिटं गप्प बस. शब्दच फुटत नसतील तर नुसतं नाव घे. मन लागलं नाही, अर्धा वेळ घड्याळाकडे बघण्यात गेला, तरी तो दिवस भरला असं धर.

सौदा मात्र करू नकोस. ‘ताप उतरला तर मानीन’ म्हटलं की ताप चढताच देव खोटा ठरतो, कारण सगळा भरवसा त्या थर्मामीटरवर टांगलेला असतो. मागायला हरकत नाही. गीतेच्या सातव्या अध्यायात भक्तांचे चार प्रकार सांगितलेत, त्यांत पहिलं नाव आर्ताचं आहे, दुःखाने कळवळून हाक मारणाऱ्याचं. ज्ञानी तिथे सर्वांत श्रेष्ठ, पण आर्तालाही उदारच, म्हणजे थोरच, म्हटलंय.

एक माणूस असा शोध जो उपदेश न करता ऐकून घेईल. आठवड्यातून एकदा त्याच्याजवळ बस.

आणि दोन आठवडे सलग झोप नसेल, जेवण जात नसेल, तर डॉक्टरांकडे जा. जगणं नकोसं वाटलं तर दोन आठवडेही थांबू नकोस, त्याच दिवशी जवळच्याला सांग आणि त्याला सोबत घेऊन जा. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं नव्हे. त्या दिवसांत देवापुढे बसणं राहून गेलं तरी चालेल, गोळी चुकवू नकोस.