नव्या गाडीचे इंजिन आणि दिवाळीचा लांबचा प्रवास

प्रश्न : आम्ही अमरावतीचे रहिवासी आहोत. येत्या दसऱ्याला १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, पाच गिअरची नवी गाडी घरी येणार आहे आणि लक्ष्मीपूजन आटोपताच भाऊबीजेसाठी गुहागरला बहिणीकडे जायचे ठरले आहे. गाडीत चार मोठी माणसे, एक मूल आणि फराळाचे डबे असतील. वडील म्हणतात की पहिले हजार किलोमीटर गाडी पन्नासच्या वर न्यायचीच नाही. मेहुण्यांचे म्हणणे असे की आजकालच्या इंजिनाला रनिंग-इन, म्हणजे सुरुवातीचे जपून चालवणे, लागतच नाही, शोरूममधून काढावी आणि थेट समृद्धी महामार्गावर घालावी. यात खरे कोणाचे मानावे?
– एक वाचक, अमरावती

उत्तर : दोघांचेही अर्धे खरे आहे. वडिलांनी जे पाहिले ते अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळातले. तेव्हा मागच्या काचेवर ‘रनिंग-इन’ अशी पाटी लावून नवी गाडी रस्त्याच्या डाव्या कडेने जपून चालवली जाई, कारण त्या काळी सुट्या भागांची घडाई आजच्याइतकी काटेकोर नव्हती आणि ऑइलही साधेच असे. आज भाग अधिक अचूक बनतात, हे मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरीही बहुतेक कंपन्या मालकाला देण्याच्या पुस्तिकेत सुरुवातीच्या किलोमीटरांबद्दल पथ्ये लिहितात. कोठे १००० किलोमीटर, कोठे १५००, तर एका कंपनीच्या पुस्तिकेत ९६० असा चमत्कारिक आकडा आढळतो, जो ६०० मैलांचे ढोबळ रूपांतर आहे. आपल्या गाडीसाठी जो आकडा छापलेला असेल तोच प्रमाण मानावा आणि पुस्तिका गाडी हाती येण्याआधीच मागून घेऊन वाचावी.

पथ्य कशासाठी, हे समजले की ते पाळणे सोपे जाते. सिलिंडरची आतली भिंत डोळ्यांना आरशासारखी दिसली, तरी ती मुद्दाम अगदी गुळगुळीत ठेवलेली नसते. होनिंग या प्रक्रियेत तिच्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक तिरप्या रेषा पाडलेल्या असतात आणि त्या रेषांमध्ये ऑइल धरून राहते. रेषांच्या कडांवर सूक्ष्म उंचवटे असतात. पाट्याला नवी टाकी लावून घेतल्यावर पहिले वाटण टाकून द्यावे लागते, कारण त्यात दगडाची कच उतरते. इंजिनातही पिस्टनच्या रिंगा भिंतीवर घासत ते उंचवटे उतरवतात आणि त्यांचा बारीक चुरा ऑइलबरोबर फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. उंचवटे उतरले की रिंग आणि भिंत एकमेकींना चपखल बसतात. जळलेला वायू खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या पेटीत, जाणे आणि ऑइल वर येऊन जळणे, या दोन्ही गोष्टी त्यामुळे आटोक्यात राहतात. यालाच आपण बोलताना इंजिन मोकळे झाले असे म्हणतो.

आता वडिलांच्या पन्नासच्या मर्यादेकडे येऊ. रिंग भिंतीवर दाबली जाते ती काही अंशी स्वतःच्या ताणामुळे आणि मोठ्या अंशी ज्वलनाच्या दाबामुळे, कारण तो वायू रिंगेच्या मागच्या फटीत शिरून तिला बाहेर रेटतो. गाडी सतत मुंगीच्या पावलाने चालवली तर हा दाब पुरेसा तयार होत नाही. रिंग नुसती वरवर सरकत राहते आणि भिंतीवर जळक्या ऑइलचा काचेसारखा गुळगुळीत थर चढतो. पुढे असे इंजिन ऑइल खाऊ लागते, आणि मग ‘आम्ही तर किती जपून चालवली’ म्हणून मालक हळहळतो. उलट पहिल्याच दिवशी पाय तळाशी दाबून गाडी पळवली, तर उंचवट्यांच्या जागी घर्षणाने एकदम उष्णता वाढते, ऑइलचा पातळ थर तुटतो आणि धातूवर धातू खरवडला जाण्याचा धोका असतो. नव्या इंजिनाला भार हवा असतो, पण तो मध्यम, बदलता आणि मधूनमधून विसावा देणारा असावा. वेगाचा काटा येथे दुय्यम आहे. पन्नासच्या वेगाने पाचव्या गिअरमध्ये गाडी रेटत नेणे हे ऐंशीच्या वेगाने सहज चालवण्यापेक्षा इंजिनाला जास्त जाचक ठरते.

म्हणूनच मेहुण्यांचा समृद्धीचा सल्ला मला पहिल्या दिवसासाठी मान्य नाही. रस्ता उत्तम आहे, सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि नेमकी तीच अडचण आहे. नागपूर ते ठाणे जिल्ह्यातील आमणे या ७०१ किलोमीटरच्या मार्गावर विदर्भ-मराठवाड्यात मैलोन्‌मैल ना वळण लागते, ना चढ, ना सिग्नल. तेथे क्रूझ कंट्रोल लावून तीन तास एकाच वेगाने जाण्याचा मोह होतो. इंजिन एकाच आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांनी, एकाच भाराखाली फिरत राहते, रिंगांना तीच एक सवय लागते आणि उष्णता उतरायला उसंत मिळत नाही. सुरुवातीच्या किलोमीटरांत एकसारखा वेग फार वेळ ठेवू नये, ही सूचना बहुतेक पुस्तिकांमध्ये असते आणि तिच्याकडेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते.

दसरा ते लक्ष्मीपूजन या सुमारे वीस दिवसांत आपल्याला सहा-सातशे किलोमीटर आरामात करता येतील. पहिले दोन-तीनशे किलोमीटर शहरातल्या आणि आसपासच्या रस्त्यांवर जाऊ द्यावेत. या काळात ब्रेकचे पॅड डिस्कवर बसत असतात, त्यामुळे जोराने ब्रेक मारण्याचे प्रसंग शक्यतो टाळावेत आणि पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा जास्त अंतर ठेवावे. नव्या टायरच्या पृष्ठभागावरही साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा अंश राहिलेला असतो, म्हणून ओल्या रस्त्यावर पकड सुरुवातीला थोडी कमी मिळते. दसऱ्याच्या सुमारास परतीचा पाऊस असतो, हे लक्षात असू द्यावे.

त्यानंतर एखाद्या रविवारी परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाऊन यावे. इंजिन बसवण्यासाठी याहून चांगला रस्ता आपल्या जिल्ह्यात मिळायचा नाही. परतवाड्यापर्यंत सरळ रस्त्यावर वेग साठ ते नव्वदच्या दरम्यान बदलता ठेवावा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर घाट चढायला घ्यावा. चढावर इंजिन धापा टाकण्याआधीच गिअर खाली घ्यावा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये काटा २५०० ते ३५०० आरपीएमच्या दरम्यान खेळता ठेवावा. वळणावर अडकलेल्या एस.टी.च्या मागे हाफ क्लचवर गाडी तोलून धरू नये, कारण क्लचची प्लेटही नवीच आहे आणि तिचा जळका वास एकदा नाकात भरला की तो दिवस वाया गेलाच समजावा. उतरताना न्यूट्रलमध्ये सोडू नये. ज्या गिअरने चढलो त्याच गिअरने ॲक्सिलरेटर सोडून उतरावे, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या पोकळीमुळे थोडे ऑइल रिंगांकडे ओढले जाते, भिंती थंड होतात आणि ब्रेकही तापत नाहीत. अशा एका फेरीत चढ, उतार, भार आणि विसावा हे सारे इंजिनाला मिळते.

आरपीएमची साधी मर्यादा म्हणून ४००० लक्षात ठेवावी. आपल्यासारख्या पेट्रोल गाडीत आरपीएमच्या तबकडीवरील लाल रेघ, म्हणजे धोक्याची खूण, बहुधा ६००० च्या पुढे असते. ओव्हरटेक करताना क्षणभर काटा पुढे गेला म्हणून इंजिन बिघडत नाही, तेवढी धास्ती बाळगू नये. खालची मर्यादा मात्र लोक विसरतात. वरच्या गिअरमध्ये १५०० च्या खाली काटा असताना ॲक्सिलरेटर दाबणे टाळावे.

पहिली मोफत तपासणी प्रवासाआधी करून घ्यावी. अनेक कंपन्या ती १००० किलोमीटर किंवा एक महिना, यांपैकी जे आधी होईल त्याला ठेवतात, पण थोडी अगोदर गेल्यास बहुतेक सर्व्हिस सेंटर नाही म्हणत नाहीत. तिथे गाडी लिफ्टवर असताना खाली कुठे ऑइल वा कूलंट पाझरत नाही ना, हे स्वतः उभे राहून पाहावे. टायरची हवाही तपासावी, कारण कारखान्यातून वाहून आणताना ती मुद्दाम जास्त भरलेली असते आणि डिलिव्हरीच्या घाईत कमी करायची कधी कधी राहून जाते. योग्य दाब चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीवर लिहिलेला असतो, त्यात पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो. चार मोठी माणसे आणि सामान असल्याने तोच आपल्याला लागू पडेल. हवा टायर गार असताना मोजावी.

गुहागरचा पल्ला साधारण नऊशे किलोमीटरचा आहे. तोवर सहा-सातशे किलोमीटर झाले असतील तर समृद्धीनेच जावे, मात्र क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा, ऐंशी ते शंभरच्या दरम्यान दर दहा-पंधरा मिनिटांनी वेग बदलावा आणि दीड-दोन तासांनी थांबावे. पुढे इगतपुरीनंतर उतार आणि बोगदे लागतात, पनवेलनंतर मुंबई-गोवा महामार्ग लागतो, त्यामुळे एकसारख्या वेगाची चिंता आपोआपच मिटते. काही कारणाने गाडी उशिरा हाती आली आणि दोनशे किलोमीटरही झाले नाहीत, तरी प्रवास रद्द करण्याचे कारण नाही. समृद्धीवरचा पहिला टप्पा सोडून जुन्या रस्त्याने अकोला-खामगावकडून जावे, तिथली गावे आणि गतिरोधक रनिंग-इनचे काम करून देतील. छतावर कॅरिअर लावून सामान चढवण्याचा बेत असेल, तर तो मात्र या वेळी सोडावा.

मुक्कामी पोहोचल्यावर, गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी डिपस्टिक पुसून ऑइल पाहावे. रिंगा पूर्ण बसेपर्यंत थोडे ऑइल खर्च होणे स्वाभाविक आहे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असली की पुरे. सुरुवातीच्या काही दिवसांत बॉनेटखालून जळका वास येतो, तो बहुधा सायलेन्सरच्या भागांवर गंज येऊ नये म्हणून लावलेल्या थराचा असतो. त्याला घाबरू नये. वास काही दिवसांत गेला नाही, किंवा ज्या जागी गाडी उभी होती तिथे फरशीवर डाग दिसला, तर मात्र दाखवून घ्यावे.

प्रश्न : ओळखीचे गॅरेजवाले म्हणतात की ५०० किलोमीटरला कंपनीचे ऑइल काढून टाका, त्यात लोखंडाचा चुरा असतो, आणि पूर्ण सिंथेटिक भरा. शोरूमनेही इंजिनात घालायची एक बाटली सुचवली आहे. काय करावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : चुरा असतो हे खरे आहे, पण तो धरण्यासाठीच फिल्टर आहे. काही कंपन्या पहिल्या भरणाचे ऑइल ठरलेल्या वेळेआधी बदलू नये असे स्पष्ट लिहितात. अशा वेळी ते लवकर काढण्यात खर्च तर आहेच, शिवाय लाभही नाही. आपल्या पुस्तिकेत तशी सूचना नसेल आणि मनाची समजूतच काढायची असेल, तर ती अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये, पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे ऑइल घालून आणि पावती जपून काढावी. बाटलीला नम्रपणे नकार द्यावा. घर्षण कमी करणारी अशी द्रव्ये नेमके तेच घर्षण कमी करतात ज्याच्या जोरावर रिंगा बसायच्या असतात, आणि पुढे वॉरंटीचा प्रश्न आला तर ‘बाहेरचे काय घातले होते?’ हा पहिला प्रश्न शोरूमच विचारते.

प्रश्न : गाडी नवी असल्याने मी रोज सकाळी ती दहा मिनिटे नुसती चालू ठेवतो. वापर फक्त शनिवार-रविवारी होतो. हे योग्य आहे ना?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही, ही सवय आजच सोडावी. थंड इंजिनाला पेट्रोलचे प्रमाण जास्त दिले जाते. जागेवर उभ्या गाडीत इंजिन नीट तापत नाही, त्यामुळे न जळलेले पेट्रोल भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली ऑइलमध्ये मिसळते, आणि पाण्याची वाफही आतच राहते. गाडी सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात निघावे आणि पहिले चार-पाच किलोमीटर हलक्या पायाने चालवावे. अनेक गाड्यांत आता तापमानाचा काटा नसतो, फक्त थंड इंजिनाचा निळा दिवा असतो. तो विझला म्हणजे कूलंट तापले, ऑइल तापायला त्यानंतरही काही वेळ लागतो. आठवड्यातून मधल्या एका दिवशी वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी मारता आली, तर दहा मिनिटांच्या रोजच्या घरघरीपेक्षा बॅटरीलाही ती अधिक मानवेल.

प्रश्न : आमची गाडी इलेक्ट्रिक आहे. तिला रनिंग-इन असते का?
– एक वाचिका, ठाणे

उत्तर : रिंगा आणि सिलिंडरच नसल्याने इंजिनाचे सारे पथ्य आपोआप गळून पडते. टायर आणि ब्रेक मात्र याही गाडीत नवेच असतात, आणि ॲक्सिलरेटर सोडताच मोटरच गाडी अडवत असल्याने पॅड फारसे वापरात येत नाहीत व बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन, म्हणजे मोटरचे हे अडवणे, कमीत कमी पातळीवर ठेवून साठवरून वीसपर्यंत मध्यम दाबाने ब्रेक लावावा, थोडे अंतर चालवून तो गार होऊ द्यावा आणि असे आठ-दहा वेळा करावे. पावसानंतर चार दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर दिसणारा तांबूस गंज याच रीतीने निघून जातो.