वाचक विचारतात : रॉड होल्डरमधून बोटीत उतरणारे पाणी

प्रश्न : हिडकल जलाशयात गळ टाकण्यासाठी आम्ही दोघा भावांनी एक जुनी चौदा फुटी फायबरची बोट घेतली आहे. तिच्या दोन्ही काठांत मिळून चार रॉड होल्डर (गळाचा रॉड उभा ठेवण्याच्या नळ्या) बसवलेले आहेत. पावसाळ्यात बोट ट्रेलरवर उभी असते. मधल्या मोकळ्या भागावर ताडपत्री ओढलेली असते, परंतु काठ उघडे राहतात. मोठ्या पावसानंतर तळाचे बूच काढले की जवळजवळ बादलीभर पाणी निघते. होल्डरच्या तोंडांना रबरी टोप्या लावल्या आणि कडेने सिलिकॉनही फिरवले. तरी फरक पडलेला नाही. पाणी आत येऊच नये यासाठी काय करावे?
— एक वाचक, हुक्केरी तालुका

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत उपयोगी माहिती म्हणजे टोप्या लावूनही फरक पडला नाही, ही होय. तिच्यावरूनच संशयाची दिशा बदलते. होल्डरच्या नळीचा आतील व्यास साधारण ४ सेंटिमीटर असतो. १०० मिलिमीटर पाऊस पडला, तर एवढ्या तोंडातून सरळ आत पडणारे पाणी सव्वाशे ते दीडशे मिलिलिटर, म्हणजे चार होल्डरचे मिळून अर्ध्या लिटरच्या आसपास भरते. त्यातून बादली भरणे शक्य नाही. याउलट दोन्ही काठांची मिळून लांबी ८ मीटर आणि रुंदी १५ सेंटिमीटर धरली, तर त्याच पावसात काठांवर सुमारे १२० लिटर पाणी पडते. त्यातील बहुतेक बाहेर ओघळून जाते; परंतु दहावा हिस्सा जरी होल्डरच्या फ्लँजखालून (काठावर टेकणाऱ्या सपाट कडेखालून) किंवा स्क्रूच्या भोकांतून आत शिरला, तरी आपली बादली भरली. त्यामुळे तोंडापेक्षा फ्लँजकडे आधी पाहावे, असे माझे मत आहे.

तरीही अंदाजावर काम सुरू करू नये. काठाच्या आतील बाजूस हात किंवा निदान मोबाइलचा कॅमेरा पोहोचेल अशी झडप असेल, तर एका कोरड्या दिवशी दोन चाचण्या कराव्यात. पहिल्या चाचणीत होल्डरच्या खाली कोरडा कागद ठेवून, फ्लँजला न भिजवता, नरसाळ्याने फक्त नळीत पाणी ओतावे. पाण्यात कपड्यांच्या निळीचे दोन थेंब टाकले, तर डाग स्पष्ट दिसतो. कागद भिजला, तर होल्डर एक तर तळाशी उघड्या प्रकारचा आहे किंवा त्याची नळी फुटलेली आहे. दुसऱ्या चाचणीत तोंड टोपीने घट्ट बंद करून फ्लँजच्या भोवती पाणी सोडावे आणि दहा मिनिटे थांबावे, कारण फ्लँजखालचे पाणी लगेच खाली येत नाही. ते आधी फायबरच्या थरांत रेंगाळते. दोन्ही चाचण्या एकाच वेळी केल्या, तर काहीच उलगडत नाही.

होल्डर दोन प्रकारचे असतात, हे येथे सांगणे आवश्यक आहे. उघड्या तळाच्या होल्डरमधील पाणी सरळ काठाच्या पोकळीत पडते आणि तेथून बोटीच्या तळाशी जाते. मोठ्या बोटींत ते पाणी उपसणारा पंप असतो, म्हणून तेथे हा प्रकार चालून जातो. आपल्यासारख्या लहान बोटीत तो लावायलाच नको होता. बंद तळाच्या होल्डरला खाली एक लहान तोटी असते आणि तिला नळी जोडून पाणी बाहेर काढायचे असते. पुष्कळ जुन्या बोटींत तोटी आहे, पण नळी जोडलेलीच नाही, किंवा नळी निसटून पोकळीत लोंबत आहे, असे आढळते. काही ठिकाणी कोणीतरी तोटीच बुजवून टाकलेली असते. मग पाणी होल्डरमध्येच साचते, रॉडच्या मुठीचा बुचाच्या लाकडाचा भाग कुजतो आणि रीलची पकड पांढरी पडू लागते.

आपला मूळ प्रश्न पाणी आत येऊच नये असा आहे. परंतु होल्डरच्या नळीपुरते तसे करण्याचा नाद सोडावा. रॉड लावलेला असताना तोंड उघडेच असणार, लाट आणि पाऊस त्यात जाणारच, आणि ओल्या रॉडवरूनही पाणी ओघळणारच. म्हणून नळीत गेलेल्या पाण्याला बाहेर जाण्याची वाट द्यावी, आणि फ्लँजखालून मात्र एक थेंबही जाऊ देऊ नये. टोपी ही बोट रस्त्याने नेताना धूळ आणि कचरा आत जाऊ नये एवढ्यापुरती ठीक आहे. निचरा नसलेल्या होल्डरवर घट्ट टोपी लावल्यास आतील दमटपणा बाहेर पडत नाही, म्हणजे ती अपायच करते.

निचऱ्यासाठी बंद तळाचे, तोटी असलेले होल्डर घ्यावेत. तोटी बहुधा अर्धा ते पाऊण इंची असते. आपल्या भागात ऊस आणि ठिबक सिंचनामुळे १६ मिलिमीटरची काळी लॅटरल नळी प्रत्येक कृषी सेवा केंद्रात मिळते आणि तीच जोडण्याचा मोह होतो. ती उन्हाला टिकते हे खरे असले, तरी अरुंद पोकळीत वळवताना तिला घडी पडते आणि घडीपाशी प्रवाह थांबतो. त्यापेक्षा दोरा गुंफलेली लवचीक पीव्हीसी नळी बरी. तिच्या दोन्ही टोकांना स्टेनलेसचे क्लॅम्प लावावेत आणि संपूर्ण लांबीत सलग उतार राखावा. मध्ये झोळ पडला, की तेथे पाणी थांबते, त्यात गाळ बसतो आणि काही महिन्यांत नळी तुंबते. नळीचे दुसरे टोक बोटीच्या बाजूला भोक पाडून बाहेर काढायचे असेल, तर ते भोक पाण्याच्या रेषेच्या बरेच वर असावे; आणि ही रेषा रिकाम्या बोटीवरून ठरवू नये, दोन माणसे, इंजिन, इंधन आणि सामान चढवून मग खूण करावी. इंजिनापुढे पाणी बाहेर वाहून जाणारा खळगा असल्यास नळी त्यात सोडणे सर्वांत सोयीचे, कारण त्यासाठी बोटीला नवे भोक पाडावे लागत नाही. दोन होल्डर एका टी-जोडाने जोडायचे असतील, तर जोडानंतरची नळी एक माप मोठी घ्यावी.

तळातील जाळी किंवा तोटी तुंबण्याचे सर्वांत सामान्य कारण मात्र पाणी नसून आमिष असते. रोहू-कटल्यासाठी कणकेचे गोळे आणि शेंगदाण्याची पेंड हाताळलेल्या बोटांनीच आपण रॉड उचलतो. तो चिकटा मुठीवरून खाली उतरतो, तळाशी आंबतो आणि दगडासारखा घट्ट होतो. घरी परतल्यावर प्रत्येक होल्डरमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकातून बाहेर येते का, हे पाहण्याची सवय लावावी.

आता फ्लँजविषयी. कडेने बाहेरून सिलिकॉन फिरवण्याचा उपाय जवळजवळ सर्वजण करतात आणि तो जवळजवळ कधीच टिकत नाही. रॉड ओढला जातो तेव्हा फ्लँज किंचित हलतो आणि बाहेरची पट्टी सुटते. शिवाय स्क्रूच्या भोकांतून जाणाऱ्या पाण्याला तिचा अडथळाच नसतो. म्हणून होल्डर पूर्ण काढावा. जुने सिलिकॉन पात्याने खरवडून, नंतर बारीक सँडपेपरने घासून काढावे, कारण त्याचा न दिसणारा थर राहिला, तर त्यावर दुसरे कोणतेही सीलंट (फट बुजवणारा चिकट पदार्थ) किंवा रंग धरत नाही.

होल्डर काढल्यावर कापलेल्या भोकाची कड पाहावी. दोन फायबर थरांच्या मध्ये प्लायवुड किंवा बाल्सा लाकूड दिसत असेल आणि ते काळे, मऊ पडले असेल, तर खरे नुकसान तेथे झालेले आहे. कुजलेला भाग खरवडून काढावा, पुढचे चांगले लाकूडही कडेपासून सेंटिमीटरभर आत कोरावे आणि त्या खाचेत घट्ट केलेले इपॉक्सी (दोन घटक मिसळल्यावर कडक होणारी राळ) भरावे. स्क्रूच्या भोकांचेही तसेच: भोक मोठे पाडून इपॉक्सीने भरावे आणि ते कडक झाल्यावर त्यात मूळ मापाचे भोक पुन्हा पाडावे. असे केल्याने पुढे कधी सीलंट सुटले, तरी पाणी लाकडापर्यंत पोहोचत नाही. हे काम मार्च ते मे या काळातच करावे. ओले लाकूड इपॉक्सीत बंद केले, तर ते आतल्या आत कुजतच राहते. आणि पावसाळी हवेत इपॉक्सीवर तेलकट साय धरते, जी पाण्याने धुऊन काढल्याशिवाय त्यावरचा पुढचा थर चिकटत नाही.

बसवताना भोकांची वरची कड किंचित शंकूसारखी कोरावी. त्यामुळे फायबरच्या वरच्या चकचकीत थराला चीर जात नाही आणि स्क्रूभोवती सीलंटचे एक कडे तयार होते. काठ बहुधा मधोमध फुगीर आणि फ्लँज सपाट असतो, म्हणून फ्लँजखाली रबरी गॅस्केट असणे चांगले. तयार मिळाले नाही, तर बेळगावात उद्यमबागेच्या परिसरात यंत्रांना लागणारे रबर शीट विकणारी दुकाने आहेत; फ्लँज कागदावर आखून नेल्यास तीन मिलिमीटर जाडीचे गॅस्केट कापून घेता येईल. सीलंट निवडताना होल्डर कशाचा आहे हे पाहावे. स्टेनलेस होल्डर आणि फायबर यांच्यात बोटींसाठीचे पॉलियुरेथेन उत्तम धरते. पॉलिसल्फाइड हे दुसरे सीलंट मात्र एबीएस, अ‍ॅक्रिलिक अशा प्लास्टिकला कुरतडते, आणि प्लास्टिक होल्डर नेमका कशाचा आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही. म्हणून तेथे ब्यूटिल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) वापरावी.

नट एकदम आवळू नयेत. सीलंट फ्लँजच्या सर्व बाजूंनी थोडे बाहेर येईपर्यंत आवळून थांबावे, ते घट्ट झाल्यावर शेवटचा पीळ द्यावा, आणि त्या वेळी स्क्रू जागेवर धरून खालचा नट फिरवावा. स्क्रू फिरवला, तर त्याच्याभोवतीचे कडे तुटते. लाकडात पिळायच्या स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि खाली रुंद वॉशर वापरावेत, कारण मोठ्या माशाचा किंवा झाडाच्या बुडालेल्या खोडात अडकलेल्या गळाचा हिसका थेट या चार भोकांवरच येतो.

प्रश्न : आमची बोट कारवारला असते. होल्डर स्टेनलेसचे म्हणून घेतले, दुकानदाराने लोहचुंबक लावून खात्रीही करून दिली. तरी वर्षभरात फ्लँजखालून तांबूस ओघळ येऊ लागले आहेत. पाणी झिरपत आहे की होल्डरच खोटे आहेत?
— एक वाचक, सदाशिवगड

उत्तर : दोन्ही शक्य आहे. लोहचुंबकाची परीक्षा येथे फारशी उपयोगाची नाही, कारण स्टेनलेसच्या ३०४ आणि ३१६ या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा धरत नाही, आणि खाऱ्या पाण्यात टिकते ती ३१६. परंतु ३१६ लाही गंज चढू शकतो. स्टेनलेसचे संरक्षण करणारा पातळ थर हवेतील ऑक्सिजनवर टिकून असतो. फ्लँजखाली खारे पाणी अडकून राहिले, की तेथे ऑक्सिजन संपतो आणि नेमक्या त्याच फटीत गंज सुरू होतो. म्हणून तांबूस ओघळ म्हणजे फ्लँजखाली पाणी आहे याची खूणच समजावी. होल्डर काढून, फ्लँजच्या संपूर्ण खालच्या बाजूला सीलंट पसरून पुन्हा बसवावा. केवळ चार भोकांपाशी थेंब लावणे पुरत नाही. स्क्रूही ३१६ चेच घ्यावेत. आपली बोट यांत्रिक मासेमारीची असेल, तर १ जून ते ३१ जुलै या बंदीकाळात ती किनाऱ्यावर असतेच. परंतु त्या दमट दिवसांत फक्त सीलंटचे काम काढावे. पॉलियुरेथेन हवेतील ओलाव्यानेच घट्ट होते, त्यामुळे त्याला पावसाळा बाधत नाही, मात्र ज्या पृष्ठभागावर ते लावायचे तो पुसून पूर्ण कोरडा केलेला असावा. इपॉक्सीचे काम उन्हाळ्यासाठी राखून ठेवावे.

प्रश्न : रेणुकासागर जलाशयात वापरण्यासाठी आमच्याकडे लाकडी होडी आहे. तिच्या काठाला होल्डर बसवण्यासाठी भोके पाडावीत का?
— एक वाचक, सौंदत्ती

उत्तर : पाडू नयेत. लाकडी होडीचा काठ हाच तिचा आधार असतो आणि त्यात ४ सेंटिमीटरहून मोठे भोक पाडल्यास तो तेथेच तडकतो. ५० मिलिमीटर बाह्य व्यासाच्या जाड पीव्हीसी पाइपचा हातभर तुकडा घेऊन, वरच्या टोकाची कड घासून गुळगुळीत करून, तो काठाच्या आतील बाजूस दोन पट्ट्यांनी बांधावा. खालचे टोक उघडे ठेवावे आणि रॉडची मूठ टेकण्यासाठी तळापासून दोन बोटे वर एक आडवा बोल्ट घालावा. पाणी होडीत पडेल हे खरे, पण ते डोळ्यांसमोर पडेल आणि डब्याने उपसता येईल. पाइप उन्हात ठिसूळ होतो, तेव्हा त्याला रंग द्यावा, आणि दर हंगामाच्या सुरुवातीला आडव्या बोल्टपाशी तडा गेला आहे का, हे पाहून घ्यावे.