बी.कॉम.ची पदवी आणि सोशल पॉलिसीचा अर्ज

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. पेडण्याकडची एक मुलगी वडिलांना घेऊन म्हापशाला माझ्याकडे पुढच्या शिक्षणाचा सल्ला घ्यायला आली. खुर्चीत बसायच्या आधीच तिनं विचारलं, "मॅडम, बी.कॉम. झालेल्यांना सोशल पॉलिसीच्या एम.ए.ला घेतात? मला 57 टक्के आहेत. कॉलेजात समाजशास्त्र कधी नव्हतं." वडील थोडे थांबून म्हणाले, "सीएच्या ऑफिसात बरी नोकरी आहे तिला. ती सोडून हे कशाला, ते तुम्हीच विचारा."

शाखा वेगळी म्हणून दार बंद, ही भीती घेऊन दर वर्षी कितीतरी मुलं येतात. पात्रतेचं उत्तर सोपं असतं, म्हणून मी ते आधी देऊन टाकते. सोशल पॉलिसी म्हणजे लोककल्याणाच्या धोरणांचा आणि योजनांचा अभ्यास. आपल्याकडे हा विषय बहुतेक ठिकाणी पब्लिक पॉलिसी, डेव्हलपमेंट किंवा सोशल वर्क या नावांखाली शिकवला जातो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात पब्लिक पॉलिसीसाठी एनएलसॅट असते आणि अझीम प्रेमजी विद्यापीठ आपली स्वतंत्र परीक्षा घेतं. यातल्या बहुतेक अभ्यासक्रमांना कोणत्याही शाखेची पदवी चालते. घराजवळच राहायचं तर ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे. तिथे समाजशास्त्राला किंवा राज्यशास्त्राला जीयू-आर्ट या विद्यापीठाच्याच प्रवेशपरीक्षेतून जाता येतं.

तिच्या मनात मात्र लंडन होतं. तिथलं गणित मी तिला स्पष्ट सांगितलं. ब्रिटनमधली विद्यापीठं साधारणपणे ‘अपर सेकंड क्लास’ मागतात आणि आपल्याकडचे 60 किंवा त्याहून जास्त टक्के त्याच्या बरोबरीचे धरतात. तीन वर्षांची पदवी तिथे चालते. अमेरिकेत पुष्कळदा चार वर्षांची लागते. 57 टक्क्यांवर नामांकित विभागांत अर्ज करून पैसे घालवू नकोस, आधी इथे एम.ए. कर, दोन वर्षं काम कर, मग ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारख्या शिष्यवृत्तीलाही अर्ज करता येईल, असं मी म्हटलं. तिचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं, पण खोटी आशा दाखवून चार-पाच अर्जांची फी भरायला लावणं मला कधीच जमलेलं नाही.

वडिलांशी मी रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाबद्दल बोलले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधला या विषयाचा विभाग 1912 साली सुरू झाला, तो जमशेटजींचे पुत्र सर रतन टाटा यांच्या देणगीच्या आधारावर. तिथे 1950 मध्ये या विषयाचे पहिले प्राध्यापक म्हणून टिटमस यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांच्याकडे कुठलीच पदवी नव्हती. त्याआधी ते कित्येक वर्षं विमा कंपनीत कारकून होते. "म्हणजे हिशेबाचंच काम," वडील म्हणाले आणि पहिल्यांदाच खुर्चीत जरा सैल बसले.

खरी अडचण पुढे आली. हा विषय का निवडला, हे अर्जात आणि मुलाखतीत सांगावं लागतं. तिनं लिहून आणलेलं पान ‘मला लहानपणापासून समाजसेवेची आवड आहे’ इथून सुरू होत होतं. ते बाजूला ठेवून मी विचारलं, "सुटीच्या दिवशी काय करतेस?" ती म्हणाली, "काय नाही. वाड्यावरच्या म्हाताऱ्यांचे फॉर्म भरते."

मग तासभर ती बोलत होती आणि मी ऐकत होते. म्हाताऱ्यांना दरमहा मदत देणाऱ्या गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे अर्ज, गृहिणींसाठीच्या गृह आधारचे अर्ज, उत्पन्नाचा दाखला, वास्तव्याचा दाखला. एका आजीचा अर्ज अडला होता. लग्नात सासरी तिचं नाव बदललं. जन्मदाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, बँकेच्या पासबुकावर आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. ती एकच बाई आहे हे वाड्याला ठाऊक होतं, कागदाला नव्हतं. या मुलीनं आजीच्या फेऱ्यांचा हिशेब वहीत मांडला होता: बसचं भाडं, झेरॉक्स, प्रतिज्ञापत्र, सोबत येणाऱ्या सुनेचा बुडालेला रोज. योजनेचे महिन्याचे 2000 रुपये सुरू व्हायच्या आधी किती खर्च झाला, हे तिनं ओळीनं लिहून ठेवलं होतं.

"हेच लिही," मी म्हटलं. "योजना चांगली असूनही माणसापर्यंत पोचताना तिचं काय होतं, हाच तर या विषयाचा अभ्यास. आणि तो हिशेब तुला बी.कॉम.मुळे सुचला."

तिनं पाच वेळा लिहिलं. दुसऱ्या खेपेला पुन्हा मोठमोठे शब्द शिरले होते. ते आम्ही मिळून काढले. तिसऱ्या खेपेला आजी दिसायला लागली.

दोन ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी नाव लागलं नाही, दुसऱ्या ठिकाणी मुलाखतीनंतर लागलं. फीसाठी गोवा शिक्षण विकास महामंडळाच्या बिनव्याजी कर्जाची चौकशी वडिलांनी स्वतः जाऊन केली.

कागद जमवताना ती पुन्हा धावत आली. तिच्या जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव होतं, गुणपत्रिकेवर सासरचं. मीही आधी पाहिलं नव्हतं. आता पहिल्याच भेटीत प्रत्येकाच्या कागदांवरची नावं शेजारी शेजारी ठेवून तपासते. आईचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं, कुठे जायचं, काय काय लागतं, हे मी सांगायला लागले तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, ते मला येतं."