आजोबांची ४ एकर आणि आपण

प्रश्न : बेळगाव जिल्ह्यातल्या (कर्नाटक) खानापूर तालुक्यात आजोबांच्या नावावर वडिलोपार्जित ४ एकर आहे. आजी-आजोबा वारले. वडील, दोन काका आणि लग्न झालेली आत्या. उतारा अजून आजोबांचाच. पीककर्जासाठी काय करावे?

उत्तर : आधी वारसा लावा. मृत्यूदाखला, वंशावळ आणि उतारा घेऊन नाडकचेरीत (तहसीलच्या खालचे महसूल कार्यालय) अर्ज द्या. अडते ते बहुधा नावात : उताऱ्यावर कन्नडमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी, आणि एखादी मात्रा वेगळी. अर्जाआधीच ते जुळवा.

वंशावळीतून आत्याला गाळू नका. ‘लग्नात दिलं की’ हे कायद्यात चालत नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे. तिला नको असेल तर तिने नोंदणीकृत हक्कसोड करून द्यावी.

वारशाने नावे फक्त सामाईक लागतात. हिस्सा तोडायला मोजणी, ११-ई नकाशा (वाटणीआधी हिस्से दाखवणारा सरकारी मोजणी नकाशा) आणि वाटणीपत्र लागेल. १६० गुंठ्यांचे चार वाटे, प्रत्येकी ४०. पुढे वडिलांच्या ४० चे, तुम्ही दोघे भावंडे असाल तर, २०-२०. आजोबा बागायतदार म्हणवत असतील, पण २० गुंठ्यांवर घर चालत नाही. त्यामुळे शक्य असेल तर चौघांनी बांध न घालता एकत्रच कसावे.