रिझ्युमेत 'करिअर ऑब्जेक्टिव्ह' टाकू की नको?

भाऊ, तुझा रिझ्युमे पाहिला. वरच्या 'करिअर ऑब्जेक्टिव्ह'च्या, म्हणजे कसलं काम हवं ते सांगणाऱ्या, तीन ओळी आधी काढ. 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट' हे वाक्य चोपड्यापासून नंदुरबारपर्यंत प्रत्येक सायबर कॅफेच्या कॉम्प्युटरमध्ये पडलेलं आहे. जळगाव एमआयडीसीत मी काही वर्षं भरतीचे अर्ज चाळले. ती ओळ कोणी वाचत नाही, नजर थेट शिक्षण आणि कामावर जाते.

मग ऑब्जेक्टिव्ह लिहायचंच नाही का? तसंही नाही. अर्जावरून तुझा रोख कळत नसेल, तर जरूर लिही. तू बीएस्सी केमिस्ट्री, कॉलेजातला प्रोजेक्ट पाण्याच्या तपासणीवर, आणि अर्ज करतोय पीव्हीसी पाइपच्या कारखान्यात. वाचणाऱ्याला प्रश्न पडणारच, हा इकडे कसा? तिथे एवढंच लिही: 'बीएस्सी केमिस्ट्री, पाण्याच्या नमुन्यांची टीडीएस, पीएच तपासणी स्वतः केली आहे, क्वालिटी कंट्रोलमध्ये ट्रेनी म्हणून काम हवं, शिफ्टची तयारी आहे.' शिफ्टचा उल्लेख विसरू नको, कारखान्यात तोच आधी विचारतात.

डाळ मिलमध्ये अकाउंटंट व्हायला बीकॉमवाला अर्ज करतो तेव्हा मात्र काही सांगावं लागत नाही. तिथे ती जागा टॅली आणि जीएसटीला दे.

आणि हो, प्रत्येक अर्जाला ही ओळ बदलायची. माझ्याकडे एकदा पाइपच्या जागेसाठी आलेल्या अर्जात 'बँकिंग क्षेत्रात करिअर' असं होतं. पोरगा चांगला होता म्हणे, पण त्याला बोलावलंच नाही.