ग्लुकोमीटर आणि लॅबच्या रीडिंगचा सहसंबंध ०.९८ आला, मग मीटर अचूक म्हणायचा का?

नाही. मीटर दर वेळी २० ने जास्त दाखवत असला तरी सहसंबंध अगदी १ येईल! तो फक्त दोन्ही आकडे सोबत वर-खाली होतात एवढंच सांगतो. टी-टेस्टही (दोन सरासऱ्यांत फरक आहे का ते पाहणारी चाचणी) इथे फसवते: सरासऱ्या सारख्या असल्या तरी एकेक रीडिंग चुकू शकतं.

१९८६ साली ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी सुचवलेला आलेख काढा: प्रत्येक जोडीतला फरक उभ्या अक्षावर, सरासरी आडव्यावर. फरकांची सरासरी म्हणजे कायमची चूक. तिच्या दोन्ही बाजूंना १.९६ × प्रमाण विचलन (फरक किती पसरलेत त्याचं माप) घेतलं की साधारण ९५% फरक ज्यात बसतात त्या मर्यादा मिळतात. साखर वाढेल तसे ठिपके पसरत गेले तर फरक टक्क्यांत मोजा.

मर्यादा किती चालतील हे मात्र आधीच ठरवा. ग्लुकोमीटरसाठीचं आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १५१९७ (२०१३) नुसार ९५% रीडिंग्ज लॅबच्या आकड्यापासून १०० मिग्रॅ/डेसिलीटरच्या खाली ±१५ मिग्रॅत, त्यावर ±१५ टक्क्यांत हवीत.

आणि नमुने उपाशीपोटीच घेतलेत ना? जेवणानंतर बोटातल्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा जास्तच असते, त्याचा दोष मीटरला नको.